फौजी घराची बदली अंदमानला होते तेव्हा : मुलांच्या शाळेची तयारी कशी करावी?



सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत शिकवणाऱ्यांना फौजी घरातली मुलं नवीन नाहीत. दोन-तीन वर्षांनी वडिलांची बदली होते आणि कधीतरी शाळेच्या ऑफिसात आई येऊन विचारते, "सर, यांचं पोस्टिंग अंदमानला झालंय. आम्हीपण जाणार आहोत. पोरांच्या शाळेचं काय करायचं?"

आपण दाखला काढून देतो, शुभेच्छा देतो आणि आपलं काम संपलं असं समजतो. खरं तर काम तिथूनच सुरू होतं. बेटावर गेल्यामुळे मुलाचं शिक्षण बिघडत नाही. ते बिघडतं इथली शाळा आणि तिथली शाळा यांच्यामध्ये जी फट राहते तिच्यामुळे. ती फट कुठे कुठे पडते आणि आपण ती कशी भरू शकतो, ते या लेखात पाहू या.

१) आधी ठिकाण समजून घेऊ

अंदमान-निकोबार म्हणजे बंगालच्या उपसागरात उत्तर-दक्षिण पसरलेली पाचशेहून अधिक लहानमोठी बेटं. त्यांतल्या मोजक्याच बेटांवर माणसं राहतात. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे 3 लाख 80 हजार होती. राजधानी पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने तिचं नाव 'श्री विजय पुरम' असं जाहीर केलं. मुलांच्या जुन्या पुस्तकांत आणि नकाशांत पहिलं नाव असेल, नव्या कागदांवर दुसरं. दोन्ही एकच, हे मुलाला आधीच सांगा.

इथे सेनेची एवढी वस्ती का? मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा जगातला एक अतिशय वर्दळीचा सागरी मार्ग या बेटांजवळून जातो. म्हणून 2001 मध्ये इथे भूदल, नौदल आणि हवाई दल यांची देशातली पहिली संयुक्त कमांड स्थापन झाली. पाटणचा जवान, अलिबागचा नौसैनिक आणि नाशिकचा हवाई दलातला तंत्रज्ञ इथे शेजारी असू शकतात.

पण 'अंदमानला बदली' एवढं कळून पुरत नाही. पोर्ट ब्लेअर हे शहर आहे. तिथे केंद्रीय विद्यालय आहे, नौदलाचं धन्वंतरी रुग्णालय आहे, बाजार आहे. कॅम्पबेल बे मात्र तिथून दक्षिणेला पाचशे किलोमीटरवर, ग्रेट निकोबार बेटावर आहे. कार निकोबार वेगळं, उत्तरेचं डिगलीपूर वेगळं. त्यामुळे पालकांनी पहिला प्रश्न विचारायचा तो हाच : नेमकं कोणतं बेट, तिथे कुटुंब नेता येतं का, आणि क्वार्टर कधी मिळणार? क्वार्टरसाठी थांबावं लागलं तर शाळेचं वर्ष मध्येच तुटू शकतं.

२) सामान बोटीने, आपण विमानाने

चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर सुमारे बाराशे किलोमीटर. विमानाने दोन-सव्वादोन तास, बोटीने साधारण तीन दिवस. प्रवासी बोटी चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम इथून सुटतात. घरसामान आधी ट्रकने बंदरावर आणि मग जहाजाने जातं, म्हणजे ते आपल्यामागून पोचतं.

म्हणून एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. मुलांची चालू वर्षाची पुस्तकं-वह्या, प्रगतिपुस्तक, मूळ दाखले आणि एक-दोन आवडती गोष्टीची पुस्तकं सामानाच्या पेटीत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. कागद ओलसर हवेत खराब होतात, तेव्हा प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येकाचा फोटो मोबाइलवरही असू द्या.

तिथे मासे, नारळ मुबलक. पण कांदे-बटाट्यांपासून बरंच काही 'मेनलँड'वरून जहाजाने येतं. मेनलँड म्हणजे आपला भारताचा मुख्य भूभाग. हा शब्द तिथे रोज कानावर पडतो. हवामान बिघडून जहाज लांबलं की भाजी महागते. मुलांना 'पुरवठा आणि किंमत' शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं?

३) सूर्य लवकर उगवतो, मूल लवकर दमतं

हा मुद्दा पालकांच्या लक्षात उशिरा येतो. साताऱ्याचं रेखांश सुमारे 74 अंश पूर्व, पोर्ट ब्लेअरचं सुमारे 93 अंश. फरक 19 अंश. पृथ्वी एक अंश फिरायला 4 मिनिटं घेते. म्हणजे 19 गुणिले 4, बरोबर 76 मिनिटं. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्य तिथे सव्वा तास पुढे!

परिणाम काय? जूनमध्ये तिथे पाचच्या सुमारास उजाडतं. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या आसपास सूर्य मावळलेला असतो. साताऱ्यात सहा-साडेसहापर्यंत मैदानावर खेळणाऱ्या मुलाचा खेळ तिथे अंधारामुळे लवकर थांबतो. नव्या ठिकाणी मित्र जोडायची वेळ तीच असते. म्हणून पहिल्या महिन्यापासून घराचं वेळापत्रक बदला : मुलांना लवकर झोपवा, लवकर उठवा, आणि अभ्यास अंधार पडल्यावर ठेवून दुपारनंतरचा उजेड खेळासाठी मोकळा सोडा.

शिक्षकांसाठी : पाचवी ते आठवीच्या वर्गात स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ शिकवताना हेच गणित फळ्यावर घ्या. आपल्याच वर्गातला मित्र तिथे राहतो म्हटल्यावर रेखांश पुस्तकातला राहत नाही.

४) पाऊस, समुद्र आणि भूकंप

नैऋत्य मोसमी वारे केरळच्या आधी, मे महिन्यातच, निकोबारला पोचतात. पुढे ईशान्य मोसमी पाऊसही असतो. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणातल्या मुलाला हे नवं नाही, माणदेशातल्या मुलाला मात्र फार नवं आहे. कपडे वाळत नाहीत, दप्तराला बुरशी येते, पायांना चिखल्या होतात. या छोट्या त्रासांवरच मुलं जास्त चिडतात. आधी सांगून ठेवलं तर कमी चिडतात.

समुद्राबद्दल नियम ठरवून द्या. काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा धोका असतो, तिथे फलक असतात. फलक वाचल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. प्रवाळाचे तुकडे उचलून घरी आणायचे नाहीत, कारण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

आणि भूकंप. ही बेटं भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात आहेत. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर शंभराहून अधिक जवान आणि कुटुंबीय गेले. ग्रेट निकोबारवरचं इंदिरा पॉइंट हे देशाचं दक्षिण टोक त्या भूकंपात चार मीटरहून अधिक खचलं. हे मुलांपासून लपवू नका, पण घाबरवूनही सांगू नका. एक वाक्य पाठ करून घ्या : "जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, तर हादरे थांबताच समुद्रापासून दूर, उंचावर जायचं, कुणाच्या फोनची वाट पाहायची नाही." हैदराबादच्या केंद्रातून 2007 पासून त्सुनामीचा इशारा दिला जातो. पण धक्का जवळच बसला तर हातात मोजकीच मिनिटं असतात.

५) शाळा : बोर्ड, महिना आणि भाषा

केंद्रीय विद्यालयांची योजना मुळात अशाच मुलांसाठी सुरू झाली. 1963 मध्ये लष्करी ठाण्यांतल्या 20 रेजिमेंटल शाळा हाती घेऊन ती उभी राहिली. वारंवार बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आणि जवानांच्या मुलांना प्रवेशात तिथे प्राधान्य असतं. मूल आधीपासून केंद्रीय विद्यालयात असेल तर बदली बरीच सोपी होते. राज्य मंडळाच्या मराठी शाळेतून जाणाऱ्या मुलाला मात्र तीन ठिकाणी ठेच लागते.

महिना : आपलं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, सीबीएसईचं एप्रिलमध्ये. जूनमध्ये पोचलेलं मूल तिथल्या वर्गात दोन महिने मागे असतं.

इयत्ता : सीबीएसईत नववी-दहावी आणि अकरावी-बारावी ही दोन-दोन वर्षांची सलग जोडी मानली जाते. जोडीच्या मध्येच बदली आली तर आधी त्या शाळेशी बोला, मगच इथला दाखला काढा.

शब्द : हा सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा. मुलाला लसावि काढता येतो, पण तिथे बाई 'एलसीएम' म्हणतात. त्रिज्या येते, 'रेडियस' येत नाही. अपूर्णांकांची बेरीज येते, 'फ्रॅक्शन' म्हटलं की मूल गप्प बसतं. त्याला गणित येत नाही असा शिक्का बसतो, आणि तो पुसायला वर्ष जातं. यावर उपाय आपल्याच हातात आहे. दाखला देताना गणित आणि विज्ञानातल्या शंभर शब्दांची मराठी-इंग्रजी यादी त्याच्या वहीत लिहून घ्या. दोन दिवसांचं काम आहे.

कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखला, राज्याबाहेर जात असल्याने लागत असेल तिथे शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, जन्मदाखला, जातीचा दाखला, गुणपत्रकं आणि यूडायसवरचा विद्यार्थी क्रमांक हे सगळं एकदमच द्या. एखाद्या कागदासाठी बेटावरून परत येणं कुणाला परवडत नाही.

६) मराठीचं काय?

बेटांवर बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि निकोबारी अशा अनेक भाषा बोलल्या जातात. सगळ्यांची मिळून बोलायची भाषा हिंदी. मूल सहा महिन्यांत फर्डं हिंदी बोलू लागतं, आणि हा फायदाच आहे. पण मराठी वाचन-लेखन शाळेत नसल्याने ते हळूहळू सुटतं. लिपी एकच असल्यामुळे पालकांना वाटतं, मराठी येतेच की! मग परत आल्यावर वहीत 'पाणी'चं 'पानी' झालेलं असतं आणि 'बाळ'चं 'बाल'. ण आणि ळ हे दोन वर्ण पहिले निसटतात.

2020 च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातल्या सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. म्हणजे तिसरीत गेलेलं मूल सहावीत परत आलं की मराठी त्याच्यासमोर उभी राहणारच. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात. ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नई-अंदमान समुद्राखालची केबल सुरू झाल्यापासून इंटरनेटही सुधारलं आहे. रोज एक पान मोठ्याने वाचणं आणि आठवड्याला आजी-आजोबांना एक हाताने लिहिलेलं पत्र, एवढं पुरतं. पत्राचा फोटो पाठवला तरी चालेल. अट एकच, लिहायचं मराठीत.

७) बाबा जवळ असूनही घरी नसतात

मुलाला वाटतं, आता बाबा रोज भेटणार. पण जहाजावरचा नौसैनिक आठवडे आठवडे समुद्रात असतो, भूदलाचा जवान दुसऱ्या बेटावर तैनात असू शकतो. ही गोष्ट निघण्याआधी आई-वडिलांनी मिळून सांगावी. नाहीतर अपेक्षाभंग होतो आणि त्याचा राग शाळेवर निघतो.

शिक्षकांनीही जपायला हवं. कौतुकानेसुद्धा "बाबांचं जहाज आता कुठे आहे रे?" असं वर्गात विचारू नका. त्याची उत्तरं मुलांनी देऊ नयेत असं घरी शिकवलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. त्यांना विचारायला समुद्र आहे, झाडं आहेत, सेल्युलर जेल आहे. 1906 साली पूर्ण झालेल्या त्या तुरुंगाच्या सात पाखांपैकी तीनच आज उभ्या आहेत. सावरकर बंधू तिथे होते, हे आपली मुलं पुस्तकात वाचतात. हे मूल ते प्रत्यक्ष पाहून येणार आहे.

८) जायचं की राहायचं?

शेवटी प्रश्न उरतोच. काही घरं आईला आणि मुलांना गावी ठेवतात, शाळा तुटू नये म्हणून. दहावी-बारावीच्या मुलासाठी तो निर्णय बरोबर असू शकतो. लहान वर्गांत मात्र माझं मत जाण्याच्या बाजूने आहे. चौथीतला बुडालेला भाग तीन महिन्यांत भरून काढता येतो. वडिलांसोबतची ती वर्षं पुन्हा भरून काढता येत नाहीत.

आणि हे काही नवीन नाही. 1969 पासून पुढे तीनशेहून अधिक माजी सैनिकांची कुटुंबं ग्रेट निकोबारवर कायमची वसवली गेली. पंजाब, केरळसोबत महाराष्ट्रातलीही घरं त्यांत होती. त्यांनी रान साफ करून शेती केली, मुलं तिथेच शिकवली. आपल्या मुलांना तर फक्त दोन-तीन वर्षं काढायची आहेत.

थोडक्यात, शिक्षकांसाठी :

• निघण्याआधी : शंभर शब्दांची यादी, सगळे कागद एकदम, आणि नव्या शाळेच्या शिक्षकांसाठी मुलाला काय काय येतं हे सांगणारी एक पानाची चिठ्ठी.
• तिथे असताना : महिन्यातून एकदा वर्गाशी व्हिडिओ कॉल किंवा पत्र. दहा मिनिटं पुरतात.
• परत आल्यावर : पहिले दोन महिने शुद्धलेखनाचे गुण कापू नका, चुका दाखवा. आणि भूगोलाच्या एका तासाला त्याला फळ्यासमोर उभं करून बेटाबद्दल बोलू द्या.

आपल्या शाळेतून असं एखादं मूल या वर्षी जाणार असेल तर ती चिठ्ठी आजच लिहायला घ्या. नव्या वर्गातल्या पहिल्या दिवशी त्याची बाजू मांडणारं तेवढंच कुणीतरी त्याच्यासोबत असेल.