दीडशे अक्षरांची गोधडी

अर्ज लिहून देणे हा मराठीच्या प्राध्यापकाचा बिनपगारी जोडधंदा आहे. सोसायटीचे पाण्याचे गाऱ्हाणे, कुणाचे मानपत्र, कुणाची लग्नपत्रिका, सारे आमच्या दारी येते. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बारावीतली माझी भाची, “मामा, माझा एक अर्ज बघून देतोस?” असे म्हणत आली, तेव्हा मी सवयीने चष्मा पुसायला घेतला.

अर्ज अमेरिकेतल्या कॉलेजांचा होता. १९७५ साली तिकडच्या पंधरा कॉलेजांनी मिळून एक सामाईक अर्ज काढला; आज हजारावर कॉलेजे तोच घेतात. त्यात मार्कांखेरीज दहा रकाने असतात. अभ्यासाबाहेर तुम्ही काय करता? वर्षातून किती आठवडे, आठवड्यातून किती तास? त्यात तुमचे पद काय? आणि वर्णनाला इंग्रजी अक्षरे फक्त १५०, तीही मधल्या मोकळ्या जागा धरून! आपल्याकडे चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे दहावीला वाढीव गुण मिळतात. पण तिथे परीक्षा असते, प्रमाणपत्र असते. इथे तसले बंधन नाही. घरी बसून जोपासलेला छंदही चालतो.

“पण माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाहीच,” ती हिरमुसून म्हणाली. “नाचाची परीक्षा नाही, वक्तृत्वाची ढाल नाही. रविवारी आजीबरोबर गोधडी शिवते, तेवढंच.”

आजी म्हणजे माझी आई. नववीपासून ही पोर दर रविवारी आमच्याकडे येई. दोघी जमिनीवर जुन्या साड्यांचे थर अंथरत, कोपऱ्यांवर पाण्याने भरलेले तांबे ठेवत आणि कडेकडेने आत धावदोरा घालत जात. मी शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत असे. मला वाटे, म्हातारीला सोबत होते आहे, बरे आहे.

मी अर्ज हाती घेतला. पण मराठीच्या प्राध्यापकाच्या हाती लेखणी आली की साधी गोष्ट साधी राहत नाही. ‘तिकडे पुढारीपणाला भाव आहे’ हे चार लोकांकडून ऐकले होते. पदाच्या रकान्यात मी ‘संस्थापक’ लिहिले. वर्णनाचा मथितार्थ असा : पारंपरिक वस्त्रकलेच्या पुनरुज्जीवनासाठी उपक्रम उभारला, त्यात ज्येष्ठ महिलांना सहभागी करून घेतले. अक्षरे मोजली. १४६! मी खूश झालो.

“काय लिहिलंस रे?” आईने विचारले. मी मराठीत अर्थ सांगितला. ती सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर म्हणाली, “म्हणजे हिनं मला सहभागी करून घेतलं होय?” मग जरा थांबून, “आणि पहिली गोधडी दोनदा उसवली, ते लिहिलंस का?”

भाची खुदकन हसली. मला मात्र हसू आले नाही. कारण विचारता विचारता कळले, की दोघींच्या हातून आतापर्यंत नऊ गोधड्या झाल्या आहेत. चार मोठ्या, पाच तान्ह्या बाळांच्या. शेजारणींनी जुन्या साड्या आणून द्यायच्या आणि शिवलेले पांघरूण घेऊन जायचे, असा व्यवहार. मोठ्यांतली एक माझ्या वडिलांच्या धोतरांची. ती मी दोन हिवाळे पांघरत होतो! कुणी शिवली, कधी शिवली, मी एकदाही विचारले नव्हते. मोजमाप मागितले ते सातासमुद्रापलीकडच्या एका अर्जाने.

रकाना भाचीने पुन्हा लिहिला. पद : आजीची शिकाऊ. दर आठवड्याला तीन तास, वर्षातून चाळीस आठवडे. खाली एवढेच, की आजीकडून हाताने गोधडी शिवायला शिकले, शेजाऱ्यांच्या जुन्या कापडाच्या नऊ पुऱ्या केल्या, पहिली दोनदा उसवली. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाचा अर्ज निराळा. तिथे वीस नोंदी, प्रत्येकीला ३५० अक्षरे. शिवाय आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरे लिहायची. त्यांतला एक प्रश्न तुमच्यातली सर्जनशीलता कशी व्यक्त होते, असाच आहे. तिने तो घेतला आणि उसवण्यावर ३५० शब्द लिहिले. मी त्यातले फक्त शुद्धलेखन पाहिले.

आईबापांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलाच्या छंदाला अर्जापुरते कोटटोपी घालू नका. अर्जाखाली ‘हे सारे खरे व माझे आहे’ अशी सही असते. २०१९ साली अमेरिकेत काही पालकांनी मुले खेळाडू असल्याचे दाखवायला खोटी छायाचित्रे जोडल्याचे उघडकीस आले आणि त्यांतल्या कित्येकांना तुरुंग पाहावा लागला. पण शिक्षेची भीती ही धाकटी गोष्ट. थोरली अशी, की ‘हे पुरेसे नाही’ असे आपण मुलाला आपल्याच हस्ताक्षरात लिहून देतो. माझ्या त्या १४६ अक्षरांत माझी आई लाभार्थी झाली होती आणि भाचीने शिकलेले सारे गळून पडले होते. त्यापेक्षा तास मोजा, किती पुरे झाले आणि किती बिघडले ते मोजा, कुणाकडून शिकलो ते लिहा. १५० अक्षरांत तेवढे मावते.

तीन कॉलेजांनी नकार कळवला, एकाने होकार. त्या होकारात गोधडीचा वाटा किती, हे कोणी कळवत नाही. ऑगस्टमध्ये भाची गेली. दहावी गोधडी अर्धीच राहिली आहे. परवा रविवारी मी बोटात अंगुस्तान चढवून आईसमोर बसलो आणि मोठ्या हौसेने वीतभर धावदोरा घातला.

आईने तो पाहिला, आणि मुकाट्याने उसवला.