जुन्या लष्करी ट्रकाचा स्टिअरिंग बॉक्स : दुरुस्ती व दक्षता

उज्जैन येथे २०१६ साली सिंहस्थ पर्व पार पडले. पुढील सिंहस्थ २०२८ साली भरावयाचे आहे. अशा यात्रेच्या गर्दीतून ट्रक नेताना चालकाची सारी भिस्त सुकाणूवर असते. वाहन जुने असेल, तर ही भिस्त सार्थ आहे किंवा नाही, याची खात्री आधी करून घेणे अगत्याचे ठरते.

मध्य प्रदेशातच, जबलपूर येथे, पश्चिम जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने १९५९ साली ‘शक्तिमान’ या लष्करी ट्रकाचे उत्पादन सुरू झाले. ते १९९६ पर्यंत चालले. सैन्याने सेवेतून काढलेली वाहने लिलावाद्वारे नागरिकांकडे येतात. त्यांचे इंजिन ठाकठीक केले जाते; स्टिअरिंग बॉक्सकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते.

रचना व झीज

सुकाणूच्या दांड्याच्या खालच्या टोकास मळसूत्रासारखे आटे असलेला ‘वर्म’ असतो. जुन्या ट्रकांपैकी अनेकांत त्याच्या आट्यांत दातेरी खंड किंवा रोलर बसविलेला असतो. चाक फिरविले की हा खंड हलतो, त्याच्या शाफ्टवरील ड्रॉप आर्म पुढेमागे सरकतो आणि पुढील चाके वळतात. सुकाणूचे अनेक फेरे व आर्मची थोडी हालचाल, या प्रमाणामुळेच माणसाच्या हाताच्या बळावर अवजड वाहन वळते.

वाहन बहुतांश वेळ सरळ धावते. त्यामुळे वर्मचा मध्यभाग सर्वाधिक झिजतो. दोन्ही टोके जवळजवळ नवी राहतात. म्हणून केवळ स्क्रू आवळून मध्यातील ढिलेपणा घालविला, तर पूर्ण वळणावर दाते अडकतात व चाक परत सरळ येत नाही. ढिल्या सुकाणूपेक्षा अडकणारे सुकाणू अधिक घातक होय.

दुरुस्तीचा क्रम

खोलण्यापूर्वी शाफ्ट व ड्रॉप आर्म यांवर जुळणीची खूण करावी. आर्म पुलरनेच काढावा. हातोड्याच्या घावाने आतील बेअरिंगला इजा पोहोचते. सर्व भाग रॉकेलने धुऊन तपासावेत. वर्मवर खड्डे पडले असल्यास, किंवा मध्यभाग फार झिजला असल्यास, वर्म व रोलर ही जोडी एकत्रच बदलावी. बेअरिंग, बुश व ऑइल सील नवे घालावे. तडा गेलेला आर्म वा शाफ्ट वेल्डिंगने जोडू नये. उष्णतेने त्याचे पाणी उतरते व पोलाद ठिसूळ होते.

जुळणी करताना प्रथम पातळ पत्र्याच्या शिमांनी वर्मच्या बेअरिंगचा ताण ठरवावा. त्यानंतर सुकाणूचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजून नेमका मध्य काढावा आणि त्या ठिकाणीच दात्यांचा मेळ बसवावा. हा क्रम उलटल्यास मोजमाप फसते. बॉक्समध्ये निर्मात्याने सांगितलेले तेल भरावे.

चाचणी

पुढील चाके उचलून सुकाणू दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. ते कोठेही अडता कामा नये. त्यानंतर मोकळ्या मैदानात सावकाश चालवून पाहावे. वळणानंतर चाके आपोआप सरळ होऊ लागली, तरच वाहन रस्त्यावर न्यावे. ढिलेपणा तरीही राहिल्यास दोष सांध्यांत किंवा किंगपिनमध्ये शोधावा.

जुने वाहन जतन करणे हा स्तुत्य छंद आहे. परंतु रस्त्यावरील इतरांचा जीवही त्या काही दात्यांच्या मेळावर अवलंबून असतो, याचे भान प्रत्येक मालकाने व कारागिराने ठेवावयास हवे.