धानाचे पाते आणि डोळ्याचे औषध

वैनगंगेच्या काठी वसलेली पवनी आणि तिचा परिसर धानाच्या शेतीसाठी ओळखला जातो. कापणी व मळणीच्या दिवसांत धानाचे पाते किंवा तूस डोळ्याला लागणे ही येथे नवलाची गोष्ट नव्हे. परंतु अशा किरकोळ ओरखड्यात जंतू शिरल्यास बुबुळावर व्रण होतो. व्रण भरून आला तरी मागे पांढरे ‘फूल’ राहते आणि दृष्टी कायमची अधू होऊ शकते.

बुबुळावरील काचेसारख्या पारदर्शक पडद्यास स्वच्छमंडल म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे गोळ्या किंवा दंडावरील इंजेक्शन यांतील प्रतिजैविक औषध तेथवर पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. औषध प्रत्यक्ष डोळ्यातच द्यावे लागते.

त्याच्या प्रमुख पद्धती तीन आहेत. पहिली थेंबांची. थेंब अश्रूंबरोबर काही मिनिटांतच वाहून जातात. म्हणून जंतुजन्य व्रणावर आरंभी दर तासाला, रात्रीसुद्धा, थेंब घालावे लागतात. दोन औषधे असल्यास त्यांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. दुसरी पद्धत मलमाची. मलम डोळ्यात अधिक वेळ टिकते. म्हणून ते झोपताना उपयोगी पडते. थेंब वारंवार घालणे शक्य नसल्यास नेत्रतज्ज्ञ डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाखाली इंजेक्शन देतात. ही तिसरी पद्धत होय.

पात्याच्या जखमेत पुष्कळदा बुरशीही शिरते. तिच्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. नॅटामायसिनसारखी निराळी औषधे लागतात. यासाठी व्रणाची तपासणी आवश्यक ठरते. स्टिरॉइडयुक्त थेंब मनाने घातल्यास लाली तात्पुरती ओसरते, पण बुरशी बळावते.

वेळेवर उपचाराचे महत्त्व नेपाळमधील भक्तपूर येथील अभ्यासाने दाखवून दिले. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. तेथे ओरखडा झालेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचे १ टक्का मलम दिवसातून ३ वेळा, ३ दिवस देण्यात आले. दुखापतीनंतर १८ तासांच्या आत ज्यांचे उपचार सुरू झाले, त्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही.

तेव्हा डोळ्याला पाते लागल्यास तो चोळू नये, झाडपाल्याचा रस घालू नये व त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. पंचायत सदस्य व शिक्षकांनी कापणीपूर्वी ही माहिती घरोघरी पोहोचविली, तर अनेकांची दृष्टी वाचू शकेल.