नवा मीटर कुणाच्या बाजूनं बोलेल?

लेखमाला : आपली वीज, आपलं बिल (लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण बिलातला स्थिर आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन यांची फोड केली. ही सगळी बेरीज रीडिंगच्या एका आकड्यावर उभी असते. तो आकडा देणारा डबाच सध्या पुण्यात बदलला जातोय. पेठांतल्या वाड्यांत जिन्याखालच्या लाकडी फळीवर आणि कोथरूड-हडपसरच्या सोसायट्यांच्या मीटर रूममध्ये जुन्याच्या जागी स्मार्ट मीटर येतोय, आणि त्याच्याबरोबर पुष्कळ धास्तीही.

ही धास्ती उगाच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये महावितरणनं राज्यभर सुमारे सव्वादोन कोटी मीटर बसवण्याची कंत्राटं दिली. पुणे आणि बारामती परिमंडलांचं काम, ५२ लाखांहून अधिक मीटर, अदानी समूहाकडे गेलं. एका मीटरमागे सरासरी १२ हजार रुपयांच्या आसपास खर्च, आणि मीटरही प्रीपेड, म्हणजे आधी पैसे भरा आणि मग दिवा लावा. प्रताप होगाडे यांच्या महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेसह अनेकांनी याला कडाडून विरोध केला. जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं जाहीर केलं. आता घरोघरी बसतोय तो पोस्टपेड. यंत्र स्मार्ट, पण बिल पूर्वीसारखं महिन्याच्या शेवटी. महावितरण त्याला टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारा) मीटर म्हणते.

मीटरचे पैसे ग्राहकाकडून घेतले जात नाहीत, हे खरं. पण कंत्राटदाराला देखभालीसह वर्षानुवर्षं पैसे द्यायचे आहेत आणि केंद्राचं अनुदान दर मीटरमागे जेमतेम ९०० रुपयांपर्यंत आहे. उरलेला खर्च एक तर गळती कमी करून भरून निघेल, नाही तर दरात येईल. म्हणून वीज नियामक आयोगाच्या दर-सुनावणीत हा प्रश्न दर वेळी विचारला गेला पाहिजे.

आता मीटरकडे पाहू. जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची. नव्यात लाल दिवा लुकलुकतो. वापर जास्त तितका तो भरभर. पडद्यावर आकडे पाळीपाळीनं येतात, बटण दाबून पुढचाही पाहता येतो. केडब्ल्यूएच म्हणजे एकूण युनिट, व्ही म्हणजे त्या क्षणाचं व्होल्टेज, एमडी म्हणजे महिन्यातली सर्वाधिक मागणी. आत मोबाइलच्या नेटवर्कवर किंवा रेडिओ लहरींवर बोलणारं संपर्कयंत्र असतं. पंधरा मिनिटं किंवा अर्ध्या तासाच्या तुकड्यांत मीटर वापर नोंदवतो आणि ठरावीक वेळानं वर कळवतो. फोटो काढायला माणूस येण्याची गरज संपते आणि ‘घर बंद’ म्हणून सरासरी बिल पाठवण्याची सबबही. वीजपुरवठा दुरून तोडता येईल असा स्विचही आतच असतो. थकबाकीदारांनी तो लक्षात ठेवावा आणि महावितरणनं नोटिशीचा कायदा लक्षात ठेवावा.

‘मीटर बदलला आणि बिल वाढलं’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. तिची कारणं एकाहून अधिक असतात. झिजलेला चकतीचा मीटर सेटटॉप बॉक्स किंवा राउटरचा बारीक प्रवाह टिपत नसे, नवा टिपतो. कधी आधीचे महिने सरासरीवर गेलेले असतात आणि तुंबलेले युनिट एकदम अंगावर येतात. आणि कधी जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंगच चुकीचं चढवलेलं असतं. यातल्या तिसऱ्या कारणावर उपाय आपल्या हातात आहे. जुना मीटर उतरवण्याआधी त्याच्या आकड्याचा आणि क्रमांकाचा मोबाइलवर फोटो काढा, नव्याच्या सुरुवातीच्या रीडिंगचाही काढा, आणि पुढच्या बिलातले आकडे त्याच्याशी ताडून पाहा.

दुकानदार, पिठाच्या गिरणीवाले, लाँड्रीवाले यांनी एमडीच्या आकड्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. मंजूर भारापेक्षा मागणी जास्त असेल तर नवा मीटर ते लपवत नाही. पण केंद्राच्या २०२३ च्या नियमानुसार, स्मार्ट मीटर बसण्याआधीच्या काळासाठी या नोंदीच्या आधारे दंड लावता येत नाही. आर्थिक वर्षात किमान तीनदा मर्यादा ओलांडल्याशिवाय मंजूर भारही वाढवता येत नाही.

हा मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांसाठी १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या युनिटला ८० पैशांची सवलत आली. दिवसा सौर वीज मुबलक असते, ती तेव्हाच वापरली जावी हा हेतू. पण सवलत कुणाच्या पदरात पडते? नवराबायको दोघं नोकरीला गेलेल्या घरात दुपारी फ्रिजशिवाय काही चालत नाही, आणि सकाळी सहाचा गिझर नऊपर्यंत थांबत नाही. फायदा आहे तो दिवसा घरात माणसं असणाऱ्यांना, निवृत्तांना, घरून काम करणाऱ्यांना. सोसायटीच्या पंपाचं गणित मात्र सोपं आहे. जोडणी घरगुती दराची असेल आणि तासाला चार युनिट खाणारा पंप पहाटेऐवजी दुपारी दोन तास चालवला, तर महिन्याला २४० युनिटवर १९२ रुपये वाचतात. त्यासाठी टाकीतल्या पाण्याची वेळ तेवढी बदलावी लागेल.

मला या मीटरबद्दल सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट जाहिरातीत नसते. तो आपला वापर मोजतो, तसाच आपल्याला मिळालेला पुरवठाही मोजतो. वीज किती वाजता गेली, किती वेळानं आली, व्होल्टेज कितीवर घसरलं, हे सगळं त्यात नोंदलं जातं. पुण्यातल्याच ‘प्रयास’च्या ऊर्जा गटानं स्मार्ट मीटरची लाट येण्याआधीच ठिकठिकाणी छोटी यंत्रं बसवून व्होल्टेजची मिनिटामिनिटाची नोंद केली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली. आता तशी नोंद होण्याची सोय प्रत्येक घरात होतेय. युनिटांचा आलेख महावितरणच्या ॲपवर दिसतो, तसाच खंडित पुरवठ्याचा आणि व्होल्टेजचा आलेखही ग्राहकाला दिसला पाहिजे. गेलेली वीज परत यायला लागणाऱ्या विलंबाबद्दलची भरपाई नियमांत आहेच. तिच्यासाठी लागणारा पुरावा आपल्याच भिंतीवर टांगलेला आहे.

रीडिंग पटत नसेल तर केंद्राच्या २०२४ च्या नियमानुसार तक्रारीनंतर पाच दिवसांत दुसरा मीटर जोडून किमान तीन महिने वापर पडताळता येतो. तक्रार १९१२ वर किंवा उपविभागीय कार्यालयात नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल.

(पुढील लेखांक : छतावरचं सौर पॅनेल आणि नेट मीटरचं बिल)