एका ‘म’मध्ये मावतं काय काय!

नाक चिमटीत धरा आणि ‘म्‌ऽऽऽ’ असा लांब आवाज काढून बघा. निघतच नाही. ओठ मिटलेले आणि नाकही बंद, मग हवेनं जायचं कुठून? नाक सोडलं, की आवाज पुन्हा घुमू लागतो. बालवाडीतल्या चार वर्षांच्या मुलांना हा खेळ शिकवा, ती पुन्हा पुन्हा करून बघतील. ‘म’ पाटीवर उमटण्याआधी तो आपल्या ओठांत आणि नाकात असतो, हे त्यांना असं कळतं.

काही बालवाड्यांत एकेका अक्षराचा आठवडा साजरा करतात, त्यामागचं शास्त्र इथूनच सुरू होतं. ताई टोपलीत मका, मणी, मटार, मडकं ठेवतात. त्यातच वाटी आणि चमचाही मिसळतात. ‘म’नं सुरू होणारी वस्तू मुलांनी वेचून काढायची. वरवर सोपा वाटणारा हा खेळ मेंदूकडून अवघड काम करून घेतो. मुलाच्या लेखी मका म्हणजे खायचा पदार्थ. त्याचा वास, रंग, चव सारं बाजूला ठेवून केवळ पहिल्या ध्वनीकडे लक्ष द्यायचं, ही त्याच्यासाठी अगदी नवी गोष्ट असते. हे जमलं, की वाचनाचं दार किलकिलं होतं. म्हणून सुरुवातीला मोर किंवा मासा यांच्यापेक्षा मका आणि मणी बरे: त्यांत सुटा ‘म’ ऐकू येतो, काना-मात्रा आड येत नाहीत. पुढे बदाम आणावा. त्यात ‘म’ शेवटी लपलेला असतो आणि तो सापडल्यावर मुलांना कोण आनंद होतो!

मग येतो आकार. मराठी शाळांत अनेकदा ‘क’ऐवजी ‘ग म भ न’पासून सुरुवात करतात. चौघांच्याही उजवीकडे उभा दांडा असतो, फरक फक्त डावीकडे. म्हणजे एक वळण हाताला बसलं, की पुढचं सोपं जातं. पण ‘म’ आणि ‘भ’ मधला तो इवलासा फरक टिपायला डोळ्यांनाही शिकावं लागतं. लिपीचा शोध लागून जेमतेम पाच-साडेपाच हजार वर्षं झाली. एवढ्या थोड्या काळात वाचनासाठी मेंदूत वेगळा भाग घडणं शक्य नव्हतं. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्टानिस्लास देहान यांचं म्हणणं असं, की वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातलाच एक तुकडा आपण अक्षरांच्या कामाला जुंपतो. त्या भागाची एक जुनी सवय आहे. कपाचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, कप तोच. ‘म’चा दांडा मात्र डावीकडे गेला, तर तो ‘म’ राहत नाही. लहान मुलं अक्षरं उलटी काढतात त्याचं मोठं कारण हेच. मुलाचा मेंदू तेव्हा लाखो वर्षांची सवय मोडत असतो. त्याला रागावू नका.

सर्वांत मोठं आश्चर्य हाताचं आहे. अमेरिकेत कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी 2012 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाचायला न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरं स्वतःच्या हातानं काढली, काही गिरवली, काही कळ दाबून उमटवली. नंतर तीच अक्षरं बघताना त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. वाचनाशी संबंधित भाग अधिक जागे झाले ते हातानं काढलेल्या अक्षरांच्या वेळी. संशोधकांच्या मते, मुलाचं प्रत्येक अक्षर थोडं वेगळं, वेडंवाकडं येतं आणि त्या वेगळेपणातूनच अक्षराचं खरं रूप मेंदूला उमगतं. म्हणजे वाकडा ‘म’ हीच कामाची पायरी!

प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी काही शिक्षिकांनी हे ओळखलं होतं. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केलं. तिथली मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत त्यांचा ध्वनी उच्चारत; डोळा, बोट आणि कान एकाच वेळी कामाला लागत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षण थेट आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेलं. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, फुलं आली. शिकण्याची साधनं मुलांच्या पायाशीच पडलेली आहेत, हे या दोघींनी दाखवून दिलं.

एक सावधगिरी मात्र हवी. मोराचं चित्र रंगवून घेतलं, तर मूल मोर शिकतं. ‘म’ शिकेलच असं नाही. मणी चिकटवताना मन डिंकात गुंतलं, तर अक्षर राहूनच जातं. प्रत्येक खेळात तीन गोष्टी एकत्र याव्यात: ध्वनी तोंडात, आकार डोळ्यांसमोर आणि वळण हातात.

म्हणून पालकांना कळकळीची विनंती. महिनाभरात सगळी मुळाक्षरं पाठ करून घेण्याची घाई करू नका. या आठवड्यात एकच अक्षर घ्या, ते घरभर शोधा, परातीत रवा पसरून बोटानं काढा. आणि मुलानं वाकडंतिकडं काढलेलं पहिलं अक्षर खोडू नका.