किनाऱ्याला कायद्याचे कुंपण हवे

3 जून 2020. ईद होऊन आठवडा उलटला होता, टाळेबंदी चालू होती आणि ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धनमध्ये काही तासांत घरांचे पत्रे, कौले उडाली. नारळी-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर ज्यांची चूल पेटते, त्यांना ठाऊक आहे की आज लावलेली पोफळ फळ धरायला कित्येक वर्षे घेते.

वादळ थांबवणे माणसाच्या हातात नाही. पण समुद्र आणि वस्ती यांच्यामध्ये काय राखायचे, हे आपल्या हातात आहे. वाळूच्या टेकड्या आणि खाडीतले कांदळवन लाटांचा जोर आधी स्वतःवर घेतात. तेथे भराव पडला की पाणी उंबऱ्याशी येते.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1986 साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याच्या आधारे 1991 मध्ये किनाऱ्यासाठी अधिसूचना निघाली. तिलाच आपण सीआरझेड म्हणतो. पण अधिसूचना संसद करत नाही. ती केंद्र सरकार काढते आणि तेच बदलते. 2011 मध्ये ती बदलली, 2019 मध्ये पुन्हा बदलली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई होती. दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या भागांसाठी ती 50 मीटरवर आणली गेली.

शिक्षाही सौम्य झाली. मूळ कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. 2023 च्या जनविश्वास कायद्याने ती काढून 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड ठेवला. गरीब मच्छीमाराला 10 हजारही जड जातात. बड्या कंपनीसाठी 15 लाख हा केवळ खर्चाचा एक आकडा आहे.

आपल्यातलेच काही जण म्हणतात, “या नियमांमुळे बापजाद्यांचे घरसुद्धा वाढवता येत नाही.” तक्रार खोटी नाही. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या राहणारा रहिवासी आणि नफ्यासाठी येणारा बांधकामवाला यांच्यात कायद्याने स्पष्ट फरक करावा.

जमिनीवर आणि समुद्रात माजलेला बिघाड ही माणसाच्याच हातांची कमाई आहे, याची जाणीव कुरआनची सूरह रूम करून देते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी झाड लावण्याला सदका म्हटले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मदीनेभोवतीचा परिसर त्यांनी हरम ठरवला आणि तेथील झाडे तोडण्यास, शिकार करण्यास मनाई केली. नेकीला नियमाची जोड दिली. आपण रोपे लावतो, हे चांगलेच आहे. ती टिकवणारा कायदा मागणे हेही त्याच अमानतीचा भाग आहे.

आपल्या खासदारांकडे तीन गोष्टी मागू या. किनाऱ्याचे संरक्षण अधिसूचनेवर न सोडता संसदेने त्याचा कायदा करावा. दंड झालेल्या नुकसानीच्या प्रमाणात असावा आणि जाणूनबुजून केलेल्या विध्वंसाला कैद असावी. किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पाआधी गावाची सुनावणी मराठीत व्हावी.

येत्या जुम्याला नमाजनंतर मोहल्ल्यात असे एक पत्र तयार करा. घरातल्या स्त्रियांच्याही सह्या घ्या. वाडीला कुंपण आपण घालतोच. किनाऱ्याचे कुंपण मात्र संसदेत घातले जाते.