लाईट गेली म्हणजे काय गेले?

संध्याकाळी घरात एकाएकी अंधार होतो आणि माजघरातून आवाज येतो, "लाईट गेली वाटतं!" मराठी बोलणाऱ्या कोणत्याही घरात हे वाक्य परके वाटत नाही. त्यातील एक शब्द इंग्रजी आहे, याचे भानही बोलणाऱ्यास नसते. परंतु हेच वाक्य शाळेतील मुलगा इंग्रजीच्या वहीत 'द लाइट हॅज गॉन' असे उतरवतो, तेव्हा गुरुजींची तांबडी पेन्सिल त्यावर फिरते. मुलगा गोंधळतो. शब्द तर इंग्रजीच आहे. मग चुकले कोठे?

चूक शब्दात नाही, शब्दाच्या शेजाऱ्यांत आहे. वीज बंद पडली असता इंग्रज मनुष्य 'पॉवर' गेली असे म्हणेल, किंवा 'लाइट्स' असे अनेकवचन करून त्यापुढे 'आउट' हा शब्द जोडील. नुसते 'द लाइट हॅज गॉन' हे वाक्यही इंग्रजीत आहे. पण ते उघड्यावर चित्र काढीत बसलेला चित्रकार उच्चारतो आणि त्याचा अर्थ होतो की दिवस मावळला, आता रंग दिसत नाहीत. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून गांधीजींच्या निधनाची वार्ता सांगितली, तेव्हा देशाच्या जीवनातील प्रकाश मालवल्याचे सांगताना त्यांनी हाच 'लाइट' शब्द वापरला होता. त्या ठिकाणी मराठीतील 'लाईट' ठेवून पाहिली, तर गांभीर्य तत्काळ नाहीसे होते. कारण मराठीत आलेल्या या शब्दाने 'प्रकाश' हा अर्थ जवळजवळ टाकूनच दिला आहे.

मराठीत त्याने घेतली ती विजेची जागा. भर दुपारी, लख्ख उन्हात, "लाईट नाही म्हणून गिरणी बंद आहे" असे कोणी सांगितले तर ऐकणारा हसत नाही. दळणाचा डबा उचलून परत फिरतो. "लाईट आली की पाणी सोडू" असे शेतकरी म्हणतो, त्या वेळी त्याच्या शेतात एकही दिवा नसतो. लाईटचे बिल येते, लाईटचा खांब असतो, तो दुरुस्त करणारा लाईटवाला असतो. घराघरांत वीज प्रथम दिव्याच्या रूपाने आली, हे याचे कारण असावे. पुढे पंखा आला, पाण्याची मोटर आली, तरी नाव पहिल्या पाहुण्याचेच राहिले.

या शब्दाचे लिंग पाहावे. 'लाईट गेली' म्हणणाऱ्याच्या मनात 'वीज' किंवा 'बत्ती' असते, म्हणून तो शब्द स्त्रीलिंगी होतो. कित्येक घरांत 'लाईट गेले' असे म्हणतात; तेथे जुने 'दिवे गेले' हे वाक्य आतून बोलत असते. इंग्रजीत निर्जीव वस्तूच्या लिंगावरून क्रियापद बदलत नाही. मराठीत ते ठरविल्यावाचून वाक्य पुढे सरकत नाही. म्हणून 'ट्रेन' आली ती गाडीच्या नात्याने स्त्री झाली. पाहुण्याला घरात घेताना त्याचे नाते ठरवावे, तसाच हा प्रकार आहे.

नाते न विचारणारी घरेही असतात. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता पैनगंगा ओलांडून आदिलाबादेस पोहोचतो. शहराला लागूनच मावला आहे. २०१६ साली तेलंगणात नवे जिल्हे व मंडळे झाली, त्या वेळी ते मंडळाचे ठिकाण झाले. हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी त्याचे किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि उरलेला भाग आंध्र प्रदेशात आला. परंतु मराठी घरे रेषेच्या दोन्ही बाजूंस राहिली. साहजिकच या भागात तेलुगू, मराठी, दखनी उर्दू आणि गोंडी या भाषा एकाच बाजारात कानांवर पडतात.

येथे अंधार झाला की मराठी घरातून 'लाईट गेली' ऐकू येते आणि शेजारच्या तेलुगू घरातून 'करंट पोयिंदी'. तेलुगूत गाडी गेली, बाई गेली, वीज गेली, सर्वांना 'पोयिंदी' हे एकच रूप चालते. पुरुष तेवढा निराळा. त्यामुळे 'करंट'चे लिंग कोणते, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. त्यात भर म्हणून हैदराबादी धाटणीने बोलणारा एखादा तरुण चिडलेल्या मित्राला "लाइट लो" असे सांगतो. हा 'लाइट' म्हणजे हलका. मनावर घेऊ नकोस, एवढाच त्याचा अर्थ. दिव्याशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजीतच हे एका उच्चाराचे दोन वेगळे शब्द आहेत.

इथवर हा मौजेचा विषय झाला. 'करंट' शब्दाशी मात्र मौज संपते. तेलुगूत 'करंट' म्हणजे विजेचा पुरवठा. मराठीत 'करंट' म्हणजे बसतो तो झटका: "पत्र्याला करंट आहे, हात लावू नको." आता कापसाच्या शेतात दोघे उभे आहेत असे समजावे. मोटर बंद पडली आहे. तेलुगू बोलणारा गडी खोपटातला विझलेला दिवा पाहून हाक देतो, "अन्ना, करंट लेदु." पुरवठा नाही, एवढेच त्याला सांगावयाचे आहे. मराठी शेतकरी ऐकतो, "करंट नाही," म्हणजे तारेत झटका नाही. आणि पेटीत हात घालतो.

दिवा विझला म्हणजे तार निर्जीव झाली, असे मुळीच नाही. मोटरीला तीन फेज लागतात. त्यांपैकी एकीचा फ्यूज उडाला आणि दिवा नेमका तिच्यावरच असला, तर दिवा जातो, मोटर घुमते पण फिरत नाही, आणि उरलेल्या दोन तारा पूर्ववत जिवंत असतात. घरातही न्यूट्रलची तार तुटली तर दिवा लागत नाही, पण होल्डरपर्यंत फेज आलेलीच असते. बटण चुकून न्यूट्रलवर बसविले असेल, तर ते बंद केल्यानेही होल्डर सुरक्षित होत नाही. 'लाईट गेली' हे वाक्य यांतील कोणतीच गोष्ट सांगत नाही. ते फक्त डोळ्यांना दिसलेला अंधार सांगते. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज देण्यास प्रारंभ झाला. ज्या शेतात पुरवठ्याला ठरलेली वेळ नसते, तेथे अमुक वेळी तार मेलेली असते असा अंदाज करण्यास जागाच उरत नाही.

म्हणून जाणता वायरमन कोणाच्याही वाक्यावर विसंबत नाही. तो मुख्य स्विच खाली ओढतो, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवतो, टेस्टर आधी चालू असलेल्या तारेला लावून तो ठीक असल्याची खात्री करतो आणि मग दुरुस्तीच्या तारेला लावतो. मदतनीसाला तो 'लाईट'ही विचारीत नाही आणि 'करंट'ही विचारीत नाही. तो विचारतो, "फेज आहे का?" तेलुगू मदतनीस असल्यास "फेज उंदा?" असे विचारतो. या शब्दाचा अर्थ दोघांच्याही बोलण्यात एकच आहे.